किल म्हणजे चर्च

अरबी लिपीत प नाही.

पांगारा फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं.

आयर्लंडमध्ये किल नावाचा एक जुना पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं.

हिंदीत बंजर म्हणजे जिच्यात काही उगवत नाही ती जमीन.

"बॅज जमा करा, आपा," एचआरमधला रूपेश म्हणाला. "आणि ही शील्ड. हॉस्पिटलकडून."

अख्तरीने शील्ड उजेडात धरली. काचेवर सोनेरी अक्षरं: अख्तरी बंजर, प्रसूती विभाग.

"ही कोण?"

"तुम्हीच की."

"मी पांगारकर. पांगारीची. तू चिंचवडचा ना रे? तुला तरी माजा नाव वाचता यायला हवा होता."

"सिस्टीममध्ये आहे तेच छापतात, आपा."

जेद्दाच्या या हॉस्पिटलात अख्तरीने अर्धं आयुष्य बाळंतपणं केली. आली तेव्हा इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कारकुनाने प चा ब केला, ग चा ज. अरबीतून परत इंग्रजीत येताना ती बांजरकर झाली. बॅजच्या मशीनला नाव लांब पडलं, त्याने शेपूट कापलं. उरलं बंजर, आणि ते हिंदी बोलणाऱ्या सगळ्या स्टाफला नीट वाचता येत होतं.

"बंजर सिस्टर के हाथ से सबकी गोद भरती है," लॅबमधला वहाब म्हणायचा, आणि पँट्रीत हशा व्हायचा.

अख्तरीला मूल नव्हतं.

ती एचआरकडे जायची. पुढच्या रिन्यूअलला करू, असं उत्तर यायचं. माणसं बदलली, उत्तर नाही.

मेट्रन नोरीनला हिंदी येत नव्हती. पँट्रीतल्या हशाचा अर्थ तिला कळला, त्या दिवशी ती हातातला चहा ठेवून उठली आणि अख्तरीपाशी आली.

"मी किलची," ती म्हणाली. "माझ्या फाइलवर जन्मगाव बघून इथले लोक विचारतात, कुणाला मारलंस? अरे, आमच्या भाषेत किल म्हणजे चर्च. इंग्रजांचे मोजणीदार आले, कानावर पडलं तसं लिहून गेले. नकाशात चर्च होतं तिथे खून राहिला."

"सगळीच नावं अशी?"

"सगळी आमचीच, फक्त आम्हालाही आता ओळखू येत नाहीत. रथमोर. रथ म्हणजे मातीच्या तटाची गढी."

"आमच्याकडे रथाला घोडे लावतात."

नोरीन हसली. "किलडेअर. ओकच्या झाडाचं चर्च."

"मग पांगारी तशीच. पांगाऱ्याचं गाव," अख्तरी म्हणाली.

नोरीनने जखमेवर लावायची चिकटपट्टी फाडली, बॅजवर लावली, पेनाने नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी एचआरने पट्टी काढायला लावली. पुढे नोरीन मायदेशी गेली.

मग सौदीकरण आलं. अख्तरीच्या जागी रीम नावाची सौदी मुलगी घेतली. त्याबद्दल अख्तरीचं भांडण नव्हतं. त्यांचा देश, त्यांच्या पोरी. रीमला तिनेच शिकवलं. फिलिपिनो बाळंतिणींना पुश म्हणायचं तिथे रीम ओरडून सांगायची, "बुश! बुश!" अख्तरीने तिच्या ओठांसमोर कापूस धरला. "हा उडाला पाहिजे. नायतर ती बाई जोर कशाला लावेल?" एका दुपारी कापूस उडाला.

"तुमचा राग कळतो, आपा," रूपेश आता म्हणत होता. "पण अरबीत प नाहीच, तर ते लोक तरी काय करणार?"

अख्तरीने गणवेशाच्या खिशातून चिकटपट्टी काढली. बॅजवर लावली. त्याच्याच टेबलावरचं पेन घेऊन मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं. लॉकरची किल्ली घ्यायला रीम दाराशी उभी होती.

"रीम, यल्ला, चल. वाच."

रीमने ओठ मिटले, श्वास घेतला.

"पांगारकर."



"एका दुपारी शिकली ही," अख्तरी रूपेशला म्हणाली. "तुमचा सिस्टीम माजे केस पांढरे होईपर्यंत शिकला नाय." तिने बॅज पट्टीसकट टेबलावर ठेवला. "घे जमा करून."

"तो असा चालणार नाही, आपा. पट्टी काढावी लागेल."

"तुझ्या हाताने काढ."

ती दारापर्यंत गेली.

"शील्ड तरी न्या."

"राहू दे. जिची आहे ती आली की दे तिला."

पहिल्या दिवशी इकाम्याच्या कारकुनासमोर पासपोर्ट उघडा होता, आणि त्यात इंग्रजीत पांगारकर असं स्वच्छ छापलेलं होतं.