स्नेहाच्या नावाचं नाणं

"धरत न्हाई अक्का. कितीबी तापवा, ह्ये धरत न्हाई."

सिद्धप्पा सोनारानं फुंकणी खाली ठेवली. चिमट्यातल्या रुपयावर कडी जोडायला लावलेल्या डाकाचा वितळलेला थेंब गोळा होऊन घरंगळला आणि मांडीवरच्या गोणपाटावर पडला. राजूबाईनं पदर कंबरेला खोचला.

"कामून धरत न्हाई? माझ्या सासूच्या रुपयाला धरला, माझ्याला धरला."

"तुमचा रुपया बऱ्या धातूचा व्हता. ह्यो भांड्याचा स्टील हाय."

"मग सरकारला कळत न्हाई व्हय, बायांला माळ करावं लागतंय ते?"

"दिल्लीला जायचं झालं तर सांगतो की," सिद्धप्पा म्हणाला.

चिंताकीतल्या राजूबाईच्या घराची रीतच होती तशी. सून आली की त्या साली चालणारं नाणं कडी डाकवून माळेत ओवायचं. बारशाला माळ पाळण्यावर बांधायची. घरातल्या थोरल्या बाईनं एकेक नाणं हातात धरून त्या त्या सुनेचं नाव घ्यायचं, मगच बाळाच्या कानात त्याचं नाव सांगायचं. पहिला केवळाबाईचा, निजामाच्या राज्यातला चांदीचा हाली रुपया, चारमिनारचा. निजाम गेल्यावर आलेल्या भागूबाईचा सिंहांचा. तिसरा राजूबाईचा स्वतःचा, जाड आणि वजनदार. त्यापुढं, सून स्नेहा आल्यापासून तीन वर्षं, नुसता दोरा लोंबत होता. दर बाजाराला सिद्धप्पा म्हणायचा, पुढच्या बाजारी बघू. आणि आता बारसं उद्यावर आलं होतं.

सकाळी राजूबाई औरादला सोनाराकडं निघताना स्नेहा म्हणाली होती, "राहू द्या आत्या. माझं नाव न्हाई घेतलं तर काय बिघडतंय?" हसूनच म्हणाली होती. पण बाळाला गुंडाळलेल्या दुपट्याची गाठ तिला काही केल्या नीट बसेना.

सिद्धप्पानं कपाटातून चांदीचा शिक्का काढला. "न्हाईतर ह्यो घ्या. लक्ष्मीचा. लगीच धरतोय डाक."

"लक्ष्मीचं राज्य कवा व्हतं रं औरादात?"

"नसू दे. चांदी तर हाय."

"चांदी नगं मला. बाजारात चालतोय तसला पायजे. जे राज्य, त्येचा शिक्का." राजूबाई पाटावर सरकून बसली. "निजाम गेला, चारमिनार गेला, समजतंय. इंग्रज गेला, राणी गेली, तेबी समजतंय. आता राज्य तेच, टाकसाळबी हैदराबादचीच म्हणत्यात. मग रुपया सारखा कामून बदलायलाय? कवा कणीस, कवा फुलं. एकदा तर अंगठाच दावला मेल्यांनी. न् दर बारीला बारका. डोळे झाकून रुपया न् दोन रुपये वेगळं करून दाव मला."

"सरकार बदलतंय की अक्का. नवं आलं की त्येला नवं चित्र पायजे."

"पायजे तर काढू दे. माझ्या सुनेनं काय घोडं मारलंय?"

सिद्धप्पानं गल्ल्यातून दहाचं नाणं काढून उजेडात धरलं. "ह्येची कड पितळंसारखी दिसायलीय. बघू का?"

"बघ. तसंबी ती भाजीवाली घेत न्हाई ह्ये. खोटं हाय म्हणती."

सिद्धप्पानं ज्योत लावली. कड लाल व्हायला लागली. राजूबाई श्वास रोखून पुढं वाकली आणि तेवढ्यात टक् करून मधली चकती निखळली, परातीत फिरत फिरत आडवी झाली. चिमट्यात उरलं ते नुसतं कडं.

सिद्धप्पानं चकती उचलली; तिच्यावर सिंह होते.

"ह्ये दोन व्हते, अक्का," सिद्धप्पा हळूच म्हणाला. "दाबून बसवलेले."

"डाकबी न्हाई मारला?"

"न्हाई."

"तुझ्यापरीस घाईत दिसत्यात टाकसाळवाले." राजूबाईनं डोळे मिटून घेतले. भांडायला समोर कुणी नव्हतंच. सिद्धप्पा होता, आणि तो बिचारा हात जोडून बसला होता.

"दुसरं आणतो. पुढच्या बाजारी—"

"उद्या बारसं हाय, सिद्धप्पा."

कडं निवल्यावर तिनं ते उचललं. आचेनं काळवंडलं होतं. पदरानं घासल्यावर 'भारत' एवढं वाचता आलं. तिनं माळेचा दोरा सोडला, मधल्या मोकळ्या जागेतून घातला आणि दातानं ओढून गाठ मारली.

"आता कडी कशाला? भोक त्येंनीच दिलंय."

"न् ह्या सिंहांचं काय करू?"

"मला काय इचारायलास? ठिव तुझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी पाळण्याभोवती बायका दाटल्या. शेजारच्या रत्नम्मानं माळ न्याहाळली. "अगं राजू, ह्ये काय वायसर लावलीस?"

"माझ्या शिवराजच्या बायकोचं नाणं हाय. सरक तिकडं, उजेड अडवायलीस."

राजूबाईनं चारमिनार हातात धरला. "केवळाबाई." मग पुढचा. "भागूबाई." स्वतःच्या रुपयापाशी ती पुटपुटली, "राजूबाई." तीन नाणी अंगठ्याखाली गुळगुळीत लागली. चौथं धरायला गेली तर अंगठा आरपार गेला, टेकायला काही सापडेना. बायका बघत होत्या. स्नेहा बाळाच्या टोपीचा बंद उगीच सारखा करत होती.

राजूबाईनं बोट वाकवलं, कडं बोटात अडकवून घेतलं.

"स्नेहा," ती म्हणाली, मागच्या बाईलाही ऐकू जाईल असं. बाळाच्या कानाशी वाकली तेव्हाही तिनं कड्यातून बोट काढलं नव्हतं.