बंद गाडीचा श्वास

किल्ली मालकाच्या हातात होती, इंजिन बंद होतं, आणि तरीही गाडी श्वास घेत होती.

ओस पडलेल्या गोदामाच्या आवारात साठ-सत्तर माणसं त्या राखाडी गाडीभोवती कडं करून उभी होती. बॉनेटखालून खोल, घोंघावणारा आवाज येत होता. जवळ उभ्या असलेल्यांच्या पायांना झळ लागत होती, आणि हवेत तापलेल्या लोखंडाचा, जळक्या काजळीचा वास होता. गाड्यांतली भुतं उतरवणाऱ्या गाडीबाबाने डॉक्टर लावतात तसली नळी कानांत घातली, तिचं टोक बॉनेटवर टेकवलं आणि डोळे मिटले.

"आहे. आत आहे," तो म्हणाला. "रागावलंय."

"कोण रागावलंय, बाबा?" मालकाचा आवाज चिरकला.

"ते नाव सांगत नसतं, मालक. वर्कशॉपवाल्यांनी हिची जुनी बुद्धी काढली, नवी घातली. तिला विचारलं होतंत? घर रिकामं केलं की कुणीतरी राहायला येतंच." त्याने बॉनेटवर थाप मारली. "झोप."

आवाज चालूच राहिला.

"झोप म्हणतो ना."

तरी चालूच. मग बराच वेळ पुटपुटून त्याने तिसऱ्यांदा हुकूम सोडला आणि काही क्षणांत आवाज विरला. गर्दीने हात जोडले. आधीचे दोन हुकूम वाया गेले होते, हे एव्हाना सगळे विसरले होते.

विसरली नव्हती ती फक्त भाची. गाडीचे मालक तिचे मामा होते, आणि ती त्यांच्या मागे उभी होती. पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि वेळ मोजायची खोड तिथलीच. आवाज सहा मिनिटं दहा सेकंद चालला, तिने मनात नोंदवलं.

आवारातल्या सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या होत्या. कधीकाळी या डिझेल गाडीचाही एक चमत्कार होता: धूर जवळजवळ नाहीच. तो चमत्कार कंपनीने असा घडवला होता की तपासणी चालू आहे हे गाडीतल्या कॉम्प्युटरला ओळखू येई. तेवढ्यापुरती गाडी गरीब गाय होई आणि रस्त्यावर आली की हवा तसा धूर ओकी. बिंग फुटलं, तेव्हा कंपनीने मालकांना पत्रं पाठवली. गाडी आणा, अर्ध्या तासात नवा प्रोग्रॅम घालून देतो. ताकद, मायलेज, कशातही फरक पडणार नाही.

फरक पडला. गाड्या चढावर धापा टाकू लागल्या. इंजिन बंद केल्यावर पंखे घोंघावू लागले. पिवळा दिवा लागे, आपोआप विझे. मामा पाच वेळा वर्कशॉपमध्ये जाऊन आले. पाचही वेळा काउंटरवरच्या माणसाने तेच ऐकवलं, "सगळं नॉर्मल आहे, सर."

गाडी नॉर्मल असेल तर मग बिघडलंय कोण? हा प्रश्न मामांच्या घरात शिरला आणि मामीपाशी येऊन थांबला.

नवा प्रोग्रॅम घातला त्याच महिन्यात मामीच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. मामांनी यंत्रांचे सुटे भाग विकायची गावोगावची फिरती सोडली. गाडी आता फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी बाहेर निघे: घर ते डायलिसिस, चार किलोमीटर जायला, चार यायला. आणि नेमकी त्याच दिवशी ती बंद झाल्यावर तळघरातल्या पार्किंगमध्ये श्वास घेत राही. मामी लिफ्टपाशी थांबून ऐके. एकदा म्हणाली, "मी उतरले की सुरू होतं बघ. मला शोधतंय."

भाची तेव्हा हसली होती. "मामी, गाडीला आता तूच हवीस होय? मामांना कळू देऊ नकोस." ते हसणं मामीच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर ती भाचीशी यावर बोलेनाशी झाली.

आणि मग गाडीबाबाने निकाल दिला. मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "आजारी माणूस बसतंय ना यात? त्याला आजाऱ्याचा वास लागलाय. एकवीस दिवस तिला बसवू नका. आणि रोज मोकळ्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर पळवा, दमवा त्याला."

मामांनी पहिल्या आठवड्यात तसंच केलं. मामीला टॅक्सीने नेलं आणि गाडी बायपासवर पळवली. दिवा लागला नाही. पंखा घोंघावला नाही. गाडी पूर्वीसारखी पळू लागली.

हा पुरावा मिळाला आणि मामी खचली. शुक्रवारी टॅक्सी दारात आली तर ती चप्पल घालेना.

"अगं, चल. उशीर होतोय," मामा म्हणाले.

"नाही यायचं मला. गाडी मी नसले की बरी होते, तुम्हीच पाहिलंत. म्हणजे ते गाडीत नाहीच, माझ्यामागे आहे. उद्या या टॅक्सीवाल्याला काही झालं तर? त्यालाही घरदार असेल."

"आणि तुला काय होईल?"

"माझं जे व्हायचं ते ठरलेलंच आहे हो."

टॅक्सी रिकामी गेली. संध्याकाळी भाची आली तेव्हा मामीचे पाय सुजून गुळगुळीत झाले होते. डॉक्टर फोनवर मामांना म्हणाले, "एक वेळ चुकली, ठीक आहे. मंगळवार चुकवाल तर माझ्या हातात काही राहणार नाही."

या वेळी भाची हसली नाही. मामीच्या पायांशी बसून तिने विचारलं, "मामी, बाबाने एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. तुला उतरवलं, आणि गाडी लांब पळवली. गुण कशाने आला?"

"मी उतरल्याने."

"कशावरून?"

मामीने सुजलेले पाय पदराखाली ओढले.

"मला तीन दिवस दे. मी तुझ्याशिवाय गाडी हॉस्पिटलपर्यंत नेईन आणि आणीन, रोज चार वेळा. मधे गार होऊ देईन. तुझी सीट रिकामी. दिवा लागला नाही, तर पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"आणि लागला तर?"

"तर मंगळवारी चप्पल घालायची."

मामीने होकारार्थी मान हलवली.

शनिवारी काही झालं नाही. रविवारी काही झालं नाही. गाडी बिघडावी म्हणून असा धावा आजवर कुणी केला नसेल. दोन्ही रात्री तिने त्या इंजिनाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कारण काय असावं, याचा अंदाज आता तिला होता. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, आणि मामीचे पाय वाट बघणार नव्हते.

सोमवारी दुपारी ती चौथ्या फेरीहून तळघरात शिरली. गाडी उभी केली आणि तिच्या लक्षात आलं, इंजिनाचा सूर नेहमीपेक्षा चढा आहे. जळका वास आला. तिने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि अंधारात श्वास सुरू झाला.

तिला सगळं माहीत होतं. तरी अंगावर काटा आला. मान वळवून शेजारच्या सीटकडे बघायला तिला धीर गोळा करावा लागला. सीटचं कापड मामीच्या पाठीच्या आकारात किंचित दबलं होतं. तिथे कुणी नव्हतं. या आवाजासमोर मामी इतके दिवस एकटी उभी राहिली होती आणि आपण थट्टा केली, हा विचार त्या आवाजाहून जास्त बोचला.

तिने किल्ली पुन्हा फिरवली. पिवळा दिवा लागला.

मामीला तिने हाताला धरून खाली आणलं. मामीने दिवा पाहिला, रिकामी सीट पाहिली, पंख्याचा आवाज संपेपर्यंत ऐकला.

"मी तर वर होते," ती हळूच म्हणाली.

"तू वर होतीस."

"सकाळपासून?"

"तीन दिवसांपासून, मामी."

मामी तिथेच दिव्याकडे बघत उभी राहिली. डोळे पुसले नाहीत. मग म्हणाली, "अर्धंच झालं की गं. मी बसल्यावर दिवा विझतो का, तेही बघायला हवं."

मंगळवारी सकाळी मामी पुढच्या सीटवर बसली, भाची मागे. हॉस्पिटलची वेळ अकराची होती; मामांनी नऊलाच गाडी काढून बायपासला लावली. मामीने एका हाताने दार घट्ट धरलं होतं. बाविसाव्या मिनिटाला दिवा विझला. मामीने दारावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

परतीच्या वाटेवर गोदाम लागलं. मामीच म्हणाली, "थांबवा जरा."

गर्दी होतीच. बाबा इंजिन चालू असलेल्या दोन गाड्यांमधून फिरत होता. भाची मोठ्याने म्हणाली, "बाबा, ही पांढरी बोलेल का?"

बाबाने आत डोकावून पाहिलं. "आज मौनात आहे ती."

"बरोबर. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर आहे. आणि ही लाल? हिचा हजारावर आहे. दादा, करा इंजिन बंद. मंत्र नको, नळी नको."

लाल गाडीवाल्याने किल्ली फिरवली आणि गाडी घोंघावू लागली. दोन बायका मागे सरकल्या.

"घाबरू नका," भाची म्हणाली. "धुरातली काजळी अडवायला आत एक गाळणी आहे. नव्या प्रोग्रॅमने काजळी वाढली, गाळणी लवकर भरते. भरली की इंजिन आपला सूर चढवून ती जाळायला घेतं. त्याला वीसेक मिनिटं सलग पळावं लागतं. आपण चार किलोमीटरवर गाडी बंद करतो, आग अर्धी राहते, दिवा लागतो आणि पंखा गाळणीला गार करत बसतो. बाबा काटा बघून गाडी निवडतात. आणि भूत दमवायला बायपासवर नेतात, तेव्हा गाळणी साफ होते. एवढंच."

"बाबा, हे खरं?" कुणीतरी विचारलं.

बाबाने कानातली नळी काढली. जवळ येऊन हलक्या आवाजात भाचीला म्हणाला, "अकरा वर्षं वर्कशॉपला होतो, ताई. तिथे खरं सांगायची बंदी होती. इथे कुणी विचारलंच नाही."

"आणि माझ्या बायकोला उतरवलंत ते?" मामा म्हणाले. "ते कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकलात?"

बाबा गोदामाच्या मागच्या बाजूला चालता झाला.

लाल गाडीवाला मामीपाशी आला. "काकू, माझ्या आजारी वडिलांनाही गाडीत बसवू नका, असं गाडीबाबा म्हणाले होते. दोन महिने घरात आहेत."

"आजच बसवा," मामी म्हणाली. "पुढच्या सीटवर. आणि लांबच्या रस्त्याने न्या, त्यांना बरं वाटेल आणि गाडीलाही. आणि तुम्ही सगळे मिळून कंपनीला लिहा. हे पत्रात का नव्हतं, म्हणून."

अकराला पाच कमी असताना मामी डायलिसिसच्या खाटेवर होती.

एका कंपनीने यंत्राकडून खोटं वदवलं, एका माणसाने त्या खोट्यावर भूत बसवलं, आणि दोघांच्या मधे एक बाई मरायला तयार झाली होती. दोन्ही ठिकाणी फसवणूक टिकली ती एकाच कारणाने: "सगळं नॉर्मल आहे" आणि "आत कुणीतरी आहे" ही दोन्ही वाक्यं लोकांनी तपासल्याशिवाय मान्य केली. म्हणून वाचकांना एवढीच विनंती. उपाय लागू पडला असं कुणी म्हणालं, तर त्या वेळी आणखी काय काय बदललं होतं ते विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. आणि दोष माणसावर टाकण्यापूर्वी त्याची सीट एकदा रिकामी ठेवून बघा.