काळ्या ताटातला कोंडा

"पडला! पडला!"

सभागृहात एकच गलका उठला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. व्यासपीठावर एक बाई काळ्या ताटावर डोकं वाकवून बसली होती आणि ताटात पांढऱ्या खपल्यांचा नुसता खच पडला होता.

"अगं बाई, माझ्या डोक्यात एवढं होतं?" म्हणून तिने गळाच काढला.

"रडू नका ताई," केशगुरू माइक तोंडाशी धरून म्हणाले. त्यांचे स्वतःचे केस खांद्यापर्यंत रुळत होते आणि बोलता बोलता ते झटकायची त्यांना सवय होती. "ही घाण तुमची नाही. ही शाम्पूची घाण, गोळ्यांची घाण, डॉक्टरांची घाण! सात झाडांच्या तेलाने मुळापासून उचलली आणि फुलांच्या पाण्याने खाली आणली. निसर्ग कधी खोटं बोलतो का?"

"नाही!" सभागृह ओरडलं.

"निसर्ग कुठे बोलतोय? मघापासून तूच बोलतोयस," शेवटच्या रांगेत आप्पा पुटपुटले. शेजारच्या गृहस्थाने असे डोळे वटारले, जणू आप्पांनी त्याच्या घरच्यांना शिवी दिली होती.

आप्पांचं चौकात दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय. चाळीस वर्षं लोकांची डोकी हाताळता हाताळता त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता. त्यावरून गिऱ्हाइकं रोज तोच विनोद करत आणि आप्पा रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. आज मात्र त्यांचं डोकं ठणकत होतं. पहिल्या रांगेत त्यांची सून बसली होती आणि तिच्या मांडीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, त्यांची नऊ वर्षांची नात.

महिन्यापूर्वी नातीचे केस कापताना आप्पांना कानामागे एक गोल चट्टा दिसला. वर कोंडा, आणि केस मुळाशी तुटलेले, दोन दिवसांच्या दाढीच्या खुंटांसारखे. त्यांनी कात्री ठेवली आणि तिला तडक डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हा साधा कोंडा नाही आप्पा, बुरशी आहे," बाई म्हणाल्या. "सहा आठवडे गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही. नुसत्या तेलाने ही जाणार नाही."

दहा दिवस गोळ्या झाल्या. चट्टा होता तसाच. तेवढ्यात गावात केशगुरू उगवले. सून पोरीला घेऊन गेली आणि तिने पोरीच्या डोक्यातून ताटभर कोंडा पडताना पाहिला. घरी येऊन तिने गोळ्या कपाटात ढकलल्या.

आप्पांनी समजावलं, चिडून सांगितलं, हात जोडून सांगितलं. चांगलं सात वेळा सांगितलं!

"गोळ्यांनी एक कण पडला नाही, आणि तिथे एका धुण्यात ताट भरलं," सून म्हणाली. "तुम्ही राहू द्या आप्पा. तुम्हाला स्वतःचे तरी राखता आले का?"

हे वर्मी लागलं. मुलगा कामासाठी परगावी. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना आप्पा. तेलच आहे, विष थोडंच आहे?" आता बापच असं म्हणतो म्हटल्यावर बोलायचं कोणाशी? भिंतीशी?

सून रोज पोरीला केशगुरूंकडे न्यायची. असे अठरा दिवस गेले. आज सकाळी आप्पांनी चट्ट्यावर बोट ठेवलं तर तो पिकल्या फळासारखा दबला, आणि बोटाला पू लागला. पोर कळवळली. सून म्हणाली, "गुरुजी म्हणालेच होते, घाण बाहेर पडणार." आप्पांनी आपली कामाची पिशवी उचलली आणि तिच्या मागोमाग सभागृह गाठलं.

आणि आता ते त्या ताटाकडे टक लावून बघत होते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या मानेवरचा कोंडा त्यांनी ब्रशने झाडला होता. कोंडा कोरडा असतो. फुंकर मारली की उडतो. हा लेकाचा ताटाला चिकटून बसला होता, फाटलेल्या दुधासारखा. असला चोथा आपण पाहिलाय कुठेतरी.

आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. न्हाव्याच्या हाताखाली शिकणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एक चूक करतोच. दाढी झाल्यावर गालावर तुरटी फिरवायची असते. ती साध्या पाण्यात भिजवायची सोडून तो साबणाच्याच मगात बुडवतो. मगातलं पाणी फाटतं, वर पांढरा चोथा तरंगतो आणि उस्ताद टाळक्यात टपली मारतो. आप्पांनीही खाल्ली होती.

"आता आपली छकुली!" केशगुरू म्हणाले. सून उठली.

"तिच्याआधी मी!" आप्पा ओरडले आणि लोकांना बाजूला सारत व्यासपीठावर चढले. "माझ्या डोक्यातला कोंडा काढा."

हशा पिकला. केशगुरूंनाही चेव आला. "का नाही? केस गेले तरी मुळं असतात!" त्यांनी आप्पांच्या टकलावर तेल चोळलं, वरून फुलांचं पाणी ओतलं. ताटात खपल्या पडल्या. अन् काय सांगावं, लोकांनी टाळ्या वाजवल्या! टकलातून कोंडा निघतो आणि माणसं टाळ्या वाजवतात! आप्पांना वाटलं, हे ताट उचलावं आणि स्वतःच्याच कपाळावर आपटावं.

पाण्याचा ओघळ ओठांवर आला होता. त्यांनी जीभ फिरवली. तुरट, अगदी जीभ आखडेल इतकं तुरट.

त्यांनी टेबलावरचा स्टीलचा पेला उपडा केला, केशगुरूंच्या हातातली तेलाची बाटली हिसकावली, पेल्याच्या बुडाला तेल फासलं आणि वरून तेच पाणी ओतलं. ताटात थपाथप पांढऱ्या खपल्या.

"घ्या! पेल्यालाही कोंडा झाला!"

पुढच्या रांगेतले लोक माना उंचावून पेल्याकडे बघू लागले.

"तेल सात्त्विक आहे," केशगुरू चाचरले. "धातूतलाही मळ ओढून घेतं."

"मग भांडी घासायला विका की!" मागून कोणीतरी ओरडलं.

आप्पांनी पिशवीतून मग, दाढीचा साबण आणि तुरटीचा खडा काढला. मगात फेस केला, पाणी घातलं, खडा त्यात फिरवला. वर पांढरा चोथा आला. "याच्या तेलात साबण कालवलाय आणि फुलांच्या पाण्यात तुरटी. दोन्ही भेटली की हे होतंच. तुमच्या डोक्यावर ओता, नाहीतर दगडावर ओता. ताट काळं का? पांढरं उठून दिसावं म्हणून!"

"पण माझं डोकं हलकं वाटतं ना," एक जण कुरकुरला.

"चोळल्यावर कोणाचंही वाटतं. अहो, साध्या तेलाने खपल्या मऊ पडतात, विंचरून निघतात. हौस असेल तर घरी लावा. पण डोकं पिकलं असेल, केस तुटत असतील, तर डॉक्टरकडे जा!"

केशगुरू मागच्या दाराने कधी सटकले कळलंही नाही. काही जण त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. आणि काही जण, इतकं होऊनही, टेबलावरच्या बाटल्या पदराआड घालून निघाले होते. एक बाई तर आप्पांनाच म्हणाली, "चांगलं चाललं होतं, तुम्ही उगाच मोडता घातलात." आप्पांनी हात टेकले.

तासाभराने तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत होती. बाईंनी चट्टा तपासला आणि सुनेकडे वळल्या.

"अठरा दिवस गोळ्या बंद होत्या? आता नव्याने सुरुवात. ही बरी होईल. पण मधल्या भागात मुळं मेली असतील, तर तिथे केस येणार नाहीत."

"कधीच नाही?" नातीने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे बघून सांगितलं, "कदाचित कधीच नाही, बाळा."

सुनेचा बांध फुटला. "आप्पा, मी फसायला वेडी का होते? माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं हो! पोरीच्या डोक्यातून पडताना, या डोळ्यांनी!"

सकाळपासून साठलेला सगळा राग आप्पांच्या तोंडाशी आला होता. पण तिने पोरीला छातीशी धरलेलं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"तू वेडी नाहीस. वेड्यांना कोण फसवतं? ताटात काय पडलं ते तू पाहिलंस, तेही खरंच होतं. पण पोरी, डोळ्यांनी पाहिलं म्हणून थांबायचं नसतं. ते कशाने झालं, आणखी कशावर केलं तर होईल का, हे विचारायचं असतं. विचारायला डिग्री लागत नाही. मला तरी कुठे आहे? आणि विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातात आपलं लेकरू द्यायचं नाही."

"मी रोज ताट बघत होते," सून पुटपुटली.

"हो," आप्पा म्हणाले. "ती रोज दुखतंय म्हणून सांगत होती."