गाडी कोणाच्या नावावर

शोरूममधल्या सपनाने नाव विचारलं आणि सुधाकररावांनी छातीवरच्या खिशातून आपलं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. घरात ट्रॅक्टर आला तो त्यांच्या नावावर, मोटरसायकल आली ती त्यांच्या नावावर, फ्रीजच्या वॉरंटीवरसुद्धा नाव त्यांचंच. हात आपोआप खिशाकडे गेला, त्यात त्या हाताचाही दोष नव्हता.

शेजारच्या खुर्चीवर त्यांची थोरली लेक दीपमाला बसली होती. उजवा पाय तिने खुर्चीखाली ओढून घेतला होता आणि ओढणीचं टोक त्यावर येईल असं सोडलं होतं. मागे पांढरी स्कूटर उभी होती. तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवलेलं होतं.

"चालवणार कोण, काका?" सपनाने विचारलं.

"चालवंल घरचं कोनीबी."

सपनाने त्या जादा चाकांकडे पाहिलं, मग दीपमालाकडे. असली स्कूटर घरचं कोणीही चालवत नसतं, हे कळायला शोरूममध्ये नोकरी करावी लागत नाही. तिने आवाज खाली आणून सांगितलं की ताईंकडे अपंगत्वाचा दाखला असेल तर गाडीचा एकदाच भरायचा लाइफ टॅक्स माफ होऊ शकतो. मात्र गाडी ताईंच्याच नावावर पाहिजे आणि चालवणाऱ्याही त्याच पाहिजेत.

दीपमाला पुढे वाकली. "मले पेन्शन बी मिळते. पेन्शनवाल्याले माफी भेटते का?"

ते काही सपनाला ठाऊक नव्हतं. ट्रान्सपोर्ट ऑफिसात विचारा, म्हणाली. सुधाकररावांनी मात्र कार्ड तिथेच राहू दिलं. आपण टॅक्स भरून टाकू, कुठे दारोदार विचारत फिरायचं, असं म्हणून ते उठलेसुद्धा. दीपमालाने ते कार्ड उचललं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. बिल उद्या करा, असं तिने सपनाला सांगितलं.

बाहेर पडताना सुधाकरराव नेहमीसारखे लेकीच्या उजव्या अंगाला आले. अंगाला अंग लावून, अर्धं पाऊल पुढे. तिचा पाय आत वळत असे आणि प्रत्येक पावलाला खांदा खाली जाई, ते त्यांच्या अंगाआड जवळजवळ दिसत नसे. ती आठ वर्षांची असल्यापासून ते असेच चालत आले होते. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा पोरीच्या आधाराने चालला आहे.

आदिलाबादकडच्या भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, त्यांच्या गावाला दीपमालाचा पाय माहीत होता, पण गाव बोलत नव्हतं. बाहेरच्यांना कळू नये यासाठी मात्र बापाने काय काय केलं होतं! पेन्शनसाठी तिला पोस्टात न्यायचं ते भर दुपारी, जेव्हा कुत्रंही सावली सोडत नाही. आणि मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की त्यांच्या आधी तासभर दीपमालाला चटईवर बसवून ठेवायचं, पायावर लुगड्याचा घोळ पसरायचा, आणि पोहे घेऊन जायचे धाकट्या मयूरीने. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोनदा ती मूठ पाहुण्यांनी जाता जाता उघडून पाहिली होती, आणि दोन्ही वेळा पुढे निरोप आला नव्हता.

त्या संध्याकाळी मध्यस्थ उद्धवरावांचा फोन आला. किनवटकडचे चांगले लोक आहेत, मुलगा पतसंस्थेत आहे, येत्या महिन्यात पहिल्या रविवारी येतो म्हणतात. आणि मुलीचा पाय लचकला होता म्हणे मागे, तो आता कसा आहे?

"हाव, बरा हाये आता," सुधाकरराव म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

लक्ष्मीबाई चुलीपाशी ज्वारीची भाकरी थापत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. दीपमाला मात्र शिलाई मशीनवरून उठली. भीमपूरच्या शाळांचे गणवेश ती शिवत असे. गठ्ठे पोचवायला शेअर ऑटोची पायरी चढताना दर वेळी कोणीतरी काखेत हात घालून तिला वर ओढायचं. तो हात नको, म्हणून गाडी. त्यासाठी ती दोन वर्षं गणवेशाचे पैसे बाजूला टाकत होती. गावातल्या देवाजीकडे तसलीच स्कूटर होती, तिच्यावर ती शाळेच्या मैदानात शिकली होती, शिकाऊ लायसन काढून बसली होती.

सुधाकररावांनी आपली बाजू मांडली. सरकारच्या दफ्तरात एका माणसाचं नाव दोन ठिकाणी आलं की ते एका ठिकाणचं खोडतात, हे त्यांनी तहसीलच्या खेपा घालताना जन्मभर पाहिलं होतं. माफी मागायला जायचं आणि पेन्शन घालवून यायचं, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. शिवाय दीपमालाच्या नावावर केली तर गाडीवर अपंगाची खूण लागणार. त्या रविवारी पाहुणे येणार, आणि गाडी अंगणात.

"अन् गाडी तुमच्या नावावर केली, मंग मी इथून गेली तर?" दीपमालाने विचारलं. "गाडी इथंच राहील. मी तिथं जाऊन पुन्हा ऑटोच्या पायरीपाशी उभी राहू का?"

सुधाकररावांनी छातीवरचा रिकामा खिसा चाचपला. ती पुढे म्हणाली,

"बाबा, पेन्शन घेताना आपल्याले लाज नाई वाटत. सांगतानाच काऊन वाटते?"

सुधाकरराव उठून गोठ्याकडे गेले. म्हशीला मघाच वैरण टाकलेली होती, तरी त्यांनी पुन्हा टाकली. त्यांना राग आला होता, आणि तो पोरीचा नव्हता, एवढं त्यांना कळत होतं. कोणाचा आहे हे मात्र त्यांनी त्या रात्री स्वतःला विचारलं नाही.

सकाळी आदिलाबादची पहिली बस धरून ते तिला ट्रान्सपोर्ट ऑफिसात घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले की नुसतं विचारून येऊ, पेन्शनला धोका असला तर गप मागे फिरू. तिने मान डोलावली.

ऑफिसात बाकं भरलेली होती. दाराजवळच्या बाकावर दीपमालाला जागा मिळाली. सुधाकरराव एकटेच रांगेत उभे राहिले आणि खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी अगदी हळू, शेजाऱ्याच्या मुलीची चौकशी करावी तसं विचारलं, की समजा कोणाला अपंग पेन्शन असेल, तर त्याला गाडीच्या टॅक्सची माफी मिळते का.

खिडकीतल्या बाईंना अर्धं ऐकू आलं असावं. त्यांनी मान वर केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं,

"हँडिकॅप कौन है?"

अख्खी रांग वळली. बाकांवरच्या माना वळल्या. सुधाकररावांचा हात धोतराच्या निऱ्यांपाशी गेला, तिथेच राहिला. दाराकडे बोट दाखवायचं एवढंच काम होतं, पण तो हात ज्वारीच्या पोत्याइतका जड झाला.

दीपमाला बाकावरून उठली. दारापासून खिडकीपर्यंतचं सगळं अंतर मोकळं होतं आणि सगळे बघत होते. सुधाकररावांचं पाऊल सवयीने निघालं, तिच्या उजव्या अंगाला जायला. तिने लांबूनच नुसती मान हलवली. नको. ते जागच्या जागी थांबले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या लेकीला समोरून चालत येताना पाहिलं. खांदा खाली जात होता, वर येत होता. नजर सरळ होती. ती घाईने चालत नव्हती आणि कोणाची वाटही पाहत नव्हती. ही चाल पोरीने कधी कमावली, हे शेजारून चालणाऱ्या बापाला कसं दिसणार होतं?

"मैं हूं, मॅडम," ती म्हणाली.

बाईंनी दाखला पाहिला. पेन्शनचं काय, असं दीपमालानेच पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या की पेन्शनचं खातं वेगळं, आमचं वेगळं. पेन्शन घेता म्हणून माफी अडत नाही आणि स्कूटरला माफी घेतली म्हणून पेन्शन कापत नाहीत. दाखला बरोबर पाहिजे, गाडी तुमच्या नावावर पाहिजे, आणि ती चालवून दाखवायला पाहिजे. मग त्यांनी सुधाकररावांकडे पाहून हिंदीतच विचारलं, हे कोण?

"मेरे पिताजी," दीपमाला म्हणाली. "साथ में आये हैं."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. कापसाची वखरलेली रानं मागे जात होती. बऱ्याच वेळाने त्यांनी आपलं आधार कार्ड परत मागितलं. तिने पर्समधून काढून दिलं, आणि त्यांनी ते खिशात ठेवून वरून बटण लावलं.

गाडीचं बिल दीपमालाच्या नावावर झालं. लायसनच्या परीक्षेच्या दिवशी तिने ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या मैदानात आखलेल्या आठच्या आकड्यावरून गाडी फिरवून आणली तेव्हा सुधाकरराव कुंपणाबाहेर चहाचा कप घेऊन उभे होते. कपातला चहा त्यांनी प्यायलाच नाही. टॅक्स माफ झाला. पुढची पेन्शनही नेहमीच्या वेळेला आली. ती आणायला दीपमाला एकटी गेली, सकाळी, पोस्टात सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा.

मग तो रविवार उजाडला.

लक्ष्मीबाईंनी चटई अंथरली, लुगडं काढून ठेवलं, मयूरीला वेणी घालायला सांगितलं. पण चटईवर बसायला दीपमाला होती कुठे? भीमपूरच्या हेडमास्तरांना आजच्या आज गणवेशांचा गठ्ठा हवा होता, आणि तो घेऊन ती गेली होती. तिला जाऊ कोणी दिलं म्हणून लक्ष्मीबाईंनी विचारलं, तेव्हा सुधाकरराव अंगणात पाणी शिंपडत होते.

"मीच म्हटलं, जाऊन ये."

पाहुणे वेळेच्या आधीच आले. उद्धवराव, मुलगा पंकज आणि त्याची आई. अंगणातल्या खाटांवर बसणं झालं, पाणी झालं, पावसापाण्याचं बोलणं झालं. उद्धवरावांनी आत डोकावून रिकामी चटई पाहिली. मध्यस्थाचं पोट गोष्टी गोड करण्यावर चालतं, ते लगेच पाहुण्यांना म्हणाले की मुलीचा पाय मध्ये जरा लचकला होता, बाकी काही नाही.

सुधाकररावांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"लचकला नव्हता," ते म्हणाले. "लहानपणापासून तसाच हाये. सरकारी दाखला हाये, पेन्शन हाये. मी तुमाले खोटं सांगितलं व्हतं, उद्धवराव. ते गाडीवर गेली हाये, येऊन राह्यली आता."

लक्ष्मीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. उद्धवरावांनी रुमाल काढून मान पुसली. पंकजच्या आईने मुलाकडे पाहिलं, मुलाने अंगणातल्या शिंपडलेल्या मातीकडे. उठून जातील, असं सुधाकररावांना वाटलं, आणि नवल म्हणजे छाती मोकळी वाटत होती.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. दीपमालाने हेल्मेट काढून आरशाला अडकवलं, एक पाय टेकवला, मग दुसरा. पाहुण्यांना पाहून ती क्षणभर थबकली. सुधाकररावांच्या गुडघ्यांनी उठायची तयारी केली. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले आणि बसून राहिले.

अंगण तिने एकटीने पार केलं. खाटेपाशी येऊन हात जोडले. पंकजची आई तिच्या पायाकडे पाहत होती, उघडउघड, चांगली वेळ लावून. मग बाईंनी फाटकाकडे मान वळवली.

"गाडी तुह्या नावावर हाये का, माय?"

"हाव."

"असं," बाई म्हणाल्या. वाटेत पसरलेले आपले पाय त्यांनी आत घेतले.

आतून मयूरी पोह्यांचं ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. दीपमाला तिच्याकडे गेली आणि ताट आपल्या हातात घेतलं. ती चालू लागली तशा वाट्या प्रत्येक पावलाला एका बाजूला कलायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या. सुधाकरराव बघत होते. पंकजही बघत होता, आणि ती जवळ आल्यावर तो खाटेवरून उठून बाजूला सरकला, तिला ताट टेकवायला जागा व्हावी म्हणून.

वरची कोथिंबीरसुद्धा सांडली नव्हती. सुधाकररावांनी पहिली वाटी स्वतःच उचलली.