न गेलेली विनी

श्राव्य नाटकात चेहरा नसतो, त्यामुळे एकाच बाईने स्वतःशीच बोलायचं म्हटलं की मोठी पंचाईत होते. एलुनेड प्रॉसरची ही पंचाईत बरीच वर्षं चालू होती, आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडत होती.

तरुणपणी तिने 'भटका दिवा' नावाच्या टीव्ही मालिकेत विनी लोवेलचं काम केलं होतं. ताऱ्यांमधून हिंडणारं एक दीपगृह, त्याचा खडूस राखणदार, आणि डोंगरातल्या खेड्यातून त्याच्याबरोबर निघालेली ही विनी. पुढे मालिका बंद पडली, दीपगृहाचा पुठ्ठा कुठल्याशा गोदामात कुजला, पण विनी काही लोकांच्या डोक्यातून गेली नाही. मग कार्डिफमधल्या एका छोट्या मंडळीने एकट्या विनीची श्राव्य नाटकं काढायला घेतली. त्यात विनी एकेक दार उघडते, आणि पलीकडे दर वेळी तिचंच जग असतं. फक्त तिच्या आयुष्यातली एखादी गोष्ट तिथे वेगळी घडलेली असते. बहुतेक जगांत तिला दुसरी विनी भेटते.

या दुसऱ्या विन्या शोधण्यात एलुनेडला भारी गंमत वाटे. सैनिक झालेली विनी दात न उघडता बोलायची. कोळणीचा धंदा करणाऱ्या विनीसाठी ती पायातले बूट काढून माइकसमोर उभी राहिली होती. बूट काढल्यावर आवाज का बदलतो ते तिला अजून कळलेलं नव्हतं. कामाची रीत ठरलेली. आधी त्या जगातल्या दुसऱ्या विनीची वाक्यं ध्वनिमुद्रित व्हायची, भटक्या विनीची वाक्यं दिग्दर्शिका कॅरिस नुसती वाचून दाखवायची. नंतर एलुनेड कानांना हेडफोन लावून, भटकी विनी होऊन आपल्याच आवाजाला उत्तरं द्यायची.

शेवटच्या भागापाशी मात्र गाडी अडली. त्यात विनी अशा जगात पोचते, जिथली विनी दीपगृहात चढलीच नाही. ती खेड्यातच राहिली आणि तिथल्या चॅपेलची धर्मोपदेशक झाली. भटकी विनी मागच्या बाकावर गुपचूप बसून तिचं प्रवचन ऐकते. लेखकाने प्रवचन लिहिलं होतं, आणि शेवटाशी नुसतीच सूचना दिली होती: इथे तिचा आवाज उडतो.

उडतो म्हणजे काय, हे लेखकाला ऐकून माहीत असावं. एलुनेडला ते घरातून माहीत होतं. तिचे वडील, टिडिर प्रॉसर, नांतवेन गावच्या बेथानिया चॅपेलचे उपदेशक. निरूपणाचे तीन मुद्दे काढायचे. पहिले दोन अगदी साधं बोलल्यासारखे. तिसऱ्यात मात्र बोलणं हळूहळू एका स्वरावर चढायचं, शब्द लांबायचे, आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं, हे बाकावरच्या माणसाला सांगता यायचं नाही. वेल्श लोक त्याला हुइल म्हणतात. शिडालाही तोच शब्द. टिडिर प्रॉसरांच्या शिडात वारा भरला की आईचा हात आपोआप लहान एलुनेडच्या हातावर यायचा. एकदा तिने त्यांना विचारलं होतं, हे तुम्ही करता कसं. त्यांनी रिकाम्या बाकांकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "मला काय विचारतेस, बाख? त्यांना विचार." बाख म्हणजे वेल्शमध्ये बाळ. तेव्हा तिला वाटलं, बाबा विनय दाखवतायत.

आपल्यामागे मुलीने व्यासपीठावर उभं राहावं, ही त्यांची इच्छा होती. ती लंडनला नाटकं शिकायला गेली. त्यावरून भांडण असं झालं नाही. पण न गेलेली एलुनेड कशी झाली असती, तिला तो स्वर लागला असता की नाही, ही उत्सुकता तिच्या मनात कायम राहिली. आता ती शमवायची संधी आयती हातात आली होती, आणि स्वर लागत नव्हता.

म्हणजे चढत होता. स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत ती म्हणायची, तंतोतंत चढायची, ध्वनिमुद्रक विन काचेपलीकडून अंगठा दाखवायचा. पण ऐकताना तिला स्वतःलाच कळायचं, की ही उपदेशक नाही, ही उपदेशकाची नक्कल करणारी नटी आहे. कॅरिसने तिची समजूत घातली. जमलं नाही तर ती जागा कापून मागे गायकवृंद घालू, कुणाच्या लक्षातही येणार नाही. एलुनेड म्हणाली, बेथानियात जाऊन करू या. पुढच्या महिन्यात ते विकलं जातंय, तिथे गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंती होणार आहेत. जायचं तर आत्ताच.

शनिवारी दुपारी विनने आपल्या तारा बेथानियाच्या दगडी पायऱ्यांवरून आत ओढल्या. चॅपेलला आता मोजकी म्हातारी माणसं उरली होती, ती सगळी श्रोते म्हणून बसायला आली होती. रिकाम्या खोलीचा घुमारा वेगळा आणि भरलेल्या बाकांचा वेगळा, असं विनचं म्हणणं. त्यांच्यातल्या आंटी दिलिसने मागच्या खोलीत चहाचं मोठं भांडं चढवलं होतं आणि बेदाण्यांचे गरम केक तव्यावरून उतरवत होती.

"ये ग, विश्वसुंदरी," ती एलुनेडला म्हणाली. "इस्त्री करताना मी तुझी सगळी नाटकं ऐकते. किती जगं फिरलीस, पण एकाही जगात तुला कुणी धड जेवायला घातलं नाही."

एलुनेड म्हणाली, कोळणीच्या जगात मासे होते की.

"ते शिजलेले नव्हते." दिलिसने तिच्या हातात केक ठेवला. "आणि त्या बर्फाच्या जगात तू स्वेटर न घालता गेलीस. तुझी आई असती तर तिने रेडिओत हात घालून तुला बाहेर काढलं असतं."

इयोर्वर्थ म्हणून एक वयोवृद्ध डीकन, म्हणजे चॅपेलचे कारभारी होते, जमिनीखालून यावा तसा त्यांचा आवाज. खाणीत काम केलेले. त्यांनी विचारलं, "तुझे वडील तीन मुद्दे काढायचे. तू किती काढणार?"

"मला लिहून दिलेत तेवढे."

"असं," ते म्हणाले, आणि आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. त्या 'असं'मध्ये बरंच काही होतं.

विन कार्डिफ शहरातला, त्याने चॅपेल आतून कधी पाहिलं नव्हतं. त्याने मंडळींना नीट समजावलं. लाल दिवा लागला की आवाज नाही. खोकला नाही, बाक करकरवायचं नाही, मध्ये काही बोलायचं नाही. मंडळींनी माना हलवल्या. शिस्त त्यांना नवी नव्हती. एलुनेड व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. लहानपणी तिथे चढायला मनाई होती, त्यामुळे त्या पायऱ्या वरून किती झिजल्यात ते तिला आज पहिल्यांदा दिसलं.

तिने केलं. पुन्हा केलं. कॅरिसने वेग बदलून बघायला सांगितलं, तसंही केलं. घुमारा सुंदर येत होता, दगड आणि लाकूड दोन्ही तिच्या बाजूने होते, आणि स्वर जिथल्या तिथे भिंतीवर रंगवलेल्या ज्योतीसारखा उभा. समोर म्हातारी मंडळी हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखी बसली होती. विनने सांगितल्याप्रमाणे कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

शेवटी कॅरिस मधल्या वाटेने वर आली आणि हळू आवाजात म्हणाली, छान झालंय, यातून आपण निभावून नेऊ. 'निभावून नेऊ' याचा अर्थ गायकवृंद, हे दोघींनाही माहीत होतं. एलुनेडने मान डोलावली. म्हणजे उत्तर मिळालं, तिच्या मनात आलं. न गेलेली एलुनेड अशीच झाली असती. व्यवस्थित.

आता एकच काम राहिलं होतं. कुठेही ध्वनिमुद्रण संपलं की ही मंडळी त्या जागेची नुसती शांतता टिपून घेतात. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते; नंतर वाक्यं जोडताना मधल्या फटीत तीच भरावी लागते, नाहीतर कान लगेच अडखळतो. विनने शांतता नीट पकडायची म्हणून यंत्राची पातळी वर चढवली, आणि हात उंचावून सगळ्यांना सांगितलं, "आता फक्त शांतता. कुणी हलू नका."

एलुनेड व्यासपीठावरच थांबली.

विनला जे फक्त शांतता वाटत होतं, ते बेथानियाच्या माणसांना तसं वाटण्याचं काही कारण नव्हतं. शांत राहा म्हटल्यावर त्यांच्या माना खाली गेल्या, डोळे मिटले. बाहेर तारांवर वारा वाजत होता. गरम पाण्याचा नळ टिकटिकत होता. दिलिसचे ओठ हलत होते. तिची मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला होती, तिथे आता रात्र असणार. इयोर्वर्थांचा भाऊ खाण बंद पडल्यावर कॅनडात गेला तो तिकडचाच झाला. या खोऱ्यात असं एक घर नव्हतं, जिथून कुणी ना कुणी निघून गेलं नव्हतं. आणि त्या प्रत्येकासाठी या बाकांवरून रोज कुणीतरी प्रार्थना केली होती. विनची शांतता त्याच प्रार्थनेने भरत गेली.

मग आपली प्रार्थना पुरी झाल्यावर इयोर्वर्थ खालच्या सुरात म्हणाले, "आमेन."

बाकीच्यांनी म्हटलं, "आमेन."

विनने कपाळाला हात लावला. पण मंडळींनी माना वर केल्या होत्या आणि सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावर होत्या. बेथानियात मूक प्रार्थनेनंतर पहिला शब्द उपदेशकाचा, ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. काम आटोपलंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते वाट पाहत होते.

एलुनेडने कागद पाहिला नाही.

"एका संध्याकाळी डोंगरावर दिवा उभा राहिला," ती म्हणाली, "आणि त्याचं दार उघडं होतं."

वाक्य लेखकाचंच होतं. पण ते म्हणून ती थांबली, समोरच्यांकडे बघायला, आणि त्या थांब्यात दिलिस सहज बोलून गेली, "होतं, बाख."

"मी गेले नाही."

"नाही," इयोर्वर्थ म्हणाले.

"पण कुणीतरी गेलं. माझ्याच वयाची, माझ्याच नावाची. ती कुठे आहे मला ठाऊक नाही."

"हो, हो," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि त्या आवाजात पाणी होतं.

"ती जेवली का, मला ठाऊक नाही. तिला तिकडे थंडी वाजते का, मला ठाऊक नाही. मी रोज संध्याकाळी तिचं नाव घेते, आणि ते माझंच नाव आहे."

जेवणाचं आणि थंडीचं लेखकाने लिहिलेलं नव्हतं. तिला ते नंतर लक्षात आलं. त्या वेळी एवढंच कळत होतं, की प्रत्येक वाक्यानंतर समोरून काहीतरी परत येतंय आणि पुढचं वाक्य त्याच्यावर पाय ठेवून उठतंय. बाबांचे ते थांबे तिला लहानपणापासून पाठ होते. ते परिणाम साधायला आहेत, असं ती समजत होती, आणि आज तेच थांबे तिने रिकामे उभे केले होते. बाबा तर नुसते ऐकण्यासाठी थांबत होते. शिडाला काय माहीत वारा कुठून येतो.

स्वर कधी लागला ते तिला कळलं नाही. ती एकाच सुरावर होती, शब्द लांबले होते, आणि शेवटची दोन वाक्यं तिच्या नकळत आईच्या भाषेत, वेल्शमध्ये निघून गेली. खाली इयोर्वर्थांनी तोच सूर धरला. मग आणखी कुणी वरचा धरला, कुणी मधला. गाणं असं कुणी म्हटलं नाही. नुसतं धरून ठेवलं, आणि मग सोडून दिलं.

कॅरिस मधल्या वाटेत उभी होती तिथेच बसली होती, फरशीवर. विनचा हात बंद करायच्या बटणापाशी होता, पण त्याने ते दाबलं नव्हतं.

दिलिस म्हणाली, "आता कसं! मघाशी तू कुणाशी बोलत होतीस ग? भिंतीशी?"

सोमवारी स्टुडिओत विन तोंड पाडून बसला होता. शांतता पकडायला पातळी वर चढवली होती, त्यामुळे ऐन टोकाला, वेल्श शब्दांपाशी, आवाज फाटला होता. बाकी सगळं उत्तम होतं. नेमकं तेवढंच गेलं. कॅरिसने विचारलं, तेवढं टोक शनिवारीच आधी केलेल्या ध्वनिमुद्रणातून उचलून लावता येईल का. विनने लावून ऐकवलं. रंगवलेली ज्योत खऱ्या आगीत ठेवल्यासारखं वाटलं. विनने ते टोक परत काढून टाकलं.

"माझं काम अजून राहिलंय," एलुनेड म्हणाली.

राहिलं होतंच. मागच्या बाकावर बसलेली भटकी विनी अजून बाकी होती. संहितेत तिच्यासाठी लिहिलं होतं: विनी ऐकते, उसासा टाकते, उठून दाराकडे जाते. एलुनेडने हेडफोन घातले, डोळे मिटले, आणि विनने शनिवारची बाई तिच्या कानात सुरू केली.

तिला खरोखरच उत्सुकता होती, या बाईबद्दल. तिच्या स्वयंपाकघराबद्दल, रोज संध्याकाळी कुठल्या खिडकीपाशी ती ते नाव घेत असेल त्याबद्दल. आवाज आपला आहे हे ती विसरली. 'ती जेवली का' हे आलं, आणि तिच्या तोंडून हळूच गेलं, "जेवले." 'थंडी वाजते का'. "थोडी." सूर चढत गेला, टोकाला पोचला, शब्द फाटायला लागला, आणि नेमकं त्याच क्षणी मागच्या बाकावरच्या बाईने, बेथानियात जन्मलेली कुणीही बाई म्हणेल तसं, मोकळ्या गळ्याने म्हटलं, "आमेन."

विनने दोन्ही आवाज एकत्र लावले. फाटलेल्या शब्दावर तिचा शब्द बसला होता. फाटलेलं काही ऐकूच येत नव्हतं. एक बाई बोलते आणि दुसरी तिला धरते, एवढंच ऐकू येत होतं.

उसासा आणि दाराकडे जाणारी पावलं कॅरिसने काढून टाकली. भटकी विनी त्या भागाच्या शेवटी मागच्या बाकावरच बसून राहिली, आणि मागे उरली ती बेथानियाची शांतता, नळाच्या टिकटिकीसकट.

ध्वनिफीत दिलिसला सगळ्यांच्या आधी पाठवली होती. तिचा फोन आला, तो इस्त्रीच्या वाफेच्या फुसफुशीसकट. ऐकलं, म्हणाली, दोनदा ऐकलं. आवाज चांगला आहे, बापाची आठवण आली. ती आमेन म्हणणारी मागची बाई जी कोण असेल, तिला सांग, पुढच्या वेळी इतक्या मागे बसू नकोस.