सांगीनची आई

आईला शेवटची आंघोळ घालून झाली. तोरपेकईने तिचे ओले केस दोन बटांत छातीवर ठेवले. इतक्यात मशिदीच्या भोंग्यावरून गावाला कळवलं गेलं, शहीद सांगीनची आई अल्लाघरी गेली.

"आणि हेवाद?" खाला पुटपुटली. "तो काय वाऱ्यावर उगवला होता?"

"हळू बोल, खाला."

थोरला हेवाद सरकारी फौजेत गेला, धाकटा सांगीन डोंगरात, तालिबानकडे. दोघंही एकाच हिवाळ्यात मेले. तोवर गल्ली तिला हेवादची आई म्हणायची. राज्य पालटलं तसं गल्लीचं तोंडही पालटलं, ती सांगीनची आई झाली. तेव्हापासून तिने कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. तंदूरपाशी शेजारणी वैतागायच्या, "बहिरी झालीस का गं?" घरी येऊन ती लेकीला म्हणायची, "एकाची म्हणून ओ दिली, तर दुसऱ्याला काय वाटेल?"

अंथरुणाला खिळल्यावर तिने एवढंच मागितलं होतं. "पुरल्यावर मुल्ला कबरीपाशी मेलेल्याला हाक मारतात ना, ती माझ्या नावाने मारू दे. स्पोजमई म्हणून."

बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं. जनाजा उचलायला काका दाराशी येऊन खाकरले, तशी तोरपेकई दाराआड उभी राहिली.

"काका, मुल्लांना आईचं नाव सांगा."

"चारचौघांत घरच्या बाईचं नाव? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"तिचं शेवटचं मागणं आहे."

"तुझी काकू गेली, तेव्हा तिचंसुद्धा घेतलं नव्हतं मी." त्यांनी जनाज्याला हात घातला. "बरं. बघतो."

त्या 'बघतो'वर तिने सगळी दुपार काढली. बायका रडत होत्या, तिला रडू येत नव्हतं.

पुरुष परतले. काकांच्या हातावर ती पाणी घालू लागली.

"घेतलंत?"

माती केव्हाच निघाली होती, तरी ते हात चोळत राहिले. "जिभेवर आलं होतं, पोरी. सगळे माझ्याकडेच बघत होते. मुल्लांनी विचारलं, कुणाला हाक मारू? माझ्या तोंडून निघून गेलं, सांगीनची आई."

तिने त्यांच्या हातावर आणखी थोडं पाणी घातलं.

आत खाला वाट बघत होती. "मारली का गं हाक?"

"मारली."

"मग?"

"ओ दिली नसेल तिने," तोरपेकई म्हणाली.