एक्क्याण्णव टक्के आणि माझा तिसरा पाय

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. दोन पाय शाबूत, तिसऱ्याला चिकटपट्टी. डोक्यावर मोबाइल धरून स्थिर उभं राहायचं, एवढंच माझं शिक्षण.

माझा मालक अभिजीत. इंद्रपुरीत त्याचं हिंदी बातम्यांचं यूट्यूब चॅनल. पहिली बातमी शाळेच्या कोरड्या नळाची. ती एकेचाळीस जणांनी पाहिली. त्यात नातेवाईक एकोणचाळीस. मग टी. टी. नगरात पार्किंगवरून दोघांनी एकमेकांचे दात पाडले. तीन लाख! खाली फर्माईश आली, "भैया, ऐसा और दिखाओ." वर्षभर मी फुटलेली डोकीच पाहिली. माझं कौतुकही झालं: गर्दी हलते, पण चित्र हलत नाही.

गेल्या महिन्यात विश्वनाथकाकांच्या मिठाईच्या दुकानात आम्ही पेढ्यांची जाहिरात चित्रित करत होतो. एका गिऱ्हाइकाने खिशातून मेलेलं झुरळ काढलं, पेढ्यात खोचलं आणि बोंब ठोकली. सगळं चित्रित झालं. अभिजीतने घरी येऊन झुरळाचा फोटो टाकला आणि मतदान घेतलं: दोषी कोण? एक्क्याण्णव टक्के म्हणाले, दुकानदार.

"अरे, तू डोळ्यांनी पाहिलंस ना?" त्याची बायको रसिका म्हणाली.

"पाहिलं गं. पण पब्लिकचं मन कसं मोडू?"

"आणि काकांचे पेढे फुकट हाणतोस, ते?"

त्याने खिशाचा भाग कापला आणि उरलेलं चॅनलवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दीडशे माणसं दुकानावर आली. काचेचं कपाट फुटलं. काकांना केसांना धरून काउंटरवरून ओढलं.

"अभिजीत, तू होतास ना रे इथे! सांग की यांना!"

अभिजीत लाइव्ह होता. अकरा हजार लोक बघत होते. तो म्हणाला, "दोस्तो, जनता का गुस्सा देखिए."

कुणीतरी मला उचललं. मोबाइल काढून अदबीने अभिजीतच्या हातात दिला आणि मला काकांच्या कोपरावर हाणलं. चौथ्या घावाला त्यांचं हाड आणि माझा पाय एकदमच मोडले.

काकांना आता झारा धरता येत नाही. अभिजीतने लाजेकाजेस्तव पेढ्यांचं सगळं चित्रण, खिशाच्या भागासकट, टाकलं. "बिक गया भाई," म्हणत चार हजार जण चॅनल सोडून गेले. त्याने पुन्हा मतदान घेतलं: हे काढून टाकू का? अठ्ठ्याऐंशी टक्के हो म्हणाले. त्याने काढलं. तोवर ते शेवटपर्यंत पाहिलं होतं एकेचाळीस जणांनी.

मित्रांनो, ट्रायपॉडची निगा राखा. रक्त उडालं तर ओलं असतानाच पुसा. सुकलं की सांध्यात बसतं. मग मान एकाच बाजूला वळते.